जुनी सायकल: भाव किती, मोल किती?

जुन्या सायकलला सध्या दोन भाव आहेत. पहिला भंगारवाल्याचा. दांडीची जुनी इंग्लिश सायकल अठरा-वीस किलोची असते; लोखंड किलोला पंचवीस-तीस रुपये धरलं तर पाचशेच्या आसपास हातात येतात. दुसरा भाव मोबाईलवरचा. तीच सायकल धुऊन-पुसून बोगनवेलीच्या भिंतीला टेकवायची, फोटो काढायचा आणि खाली लिहायचं, 'अँटिक, ओरिजिनल रॅले, मेड इन इंग्लंड'. मग किमतीत पाच आकडे येतात. बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत हे दोन्ही भाव ठाऊक असलेली माणसं फिरतात. पहिल्या भावाने घेतात, दुसऱ्याने विकतात. धंदा आहे, त्यात बेकायदेशीर काही नाही.

पण माझ्या मते हे दोन्ही भाव चुकीचे आहेत, आणि चूक एकच आहे. ती सायकल चालते का, हे दोघंही विचारत नाहीत. एकाला तिचं वजन हवं असतं, दुसऱ्याला तिचा फोटो.

आधी कुठल्या सायकलबद्दल बोलतेय ते सांगते. परदेशात 'व्हिंटेज रोड बाइक' म्हटलं की वाकड्या हँडलची, बारीक टायरची, शर्यतीची सायकल डोळ्यांपुढे येते. रेनॉल्ड्स ५३१ नावाच्या हलक्या पोलादी नळ्यांची फ्रेम, इटलीच्या कॅम्पान्योलोचे गिअर, ब्रूक्सची कातडी सीट. तिकडचे शौकीन एकेका स्क्रूवरून रात्र रात्र वाद घालतात म्हणे. आपल्याकडे त्या सायकली फारशा आल्याच नाहीत. आपल्याकडे आली ती रोडस्टर. ताठ बसायची, अठ्ठावीस इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची, काळी. रस्त्याची सायकल म्हणजे आपल्याला हीच. दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर, गवंडी, चर्चचे ब्रदर, सगळे हिच्यावरच. लग्नात जावयाला घड्याळ आणि रेडिओबरोबर द्यायची तीही हीच, आणि ती मिळाली नाही म्हणून रुसून बसलेले जावईही आपल्या सगळ्यांच्या घराण्यांत एखाद-दुसरा सापडेल.

सायकलच्या बाबतीत बेळगावने कुणापुढे मान खाली घालायचं कारण नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथे सायकलचं दुकान काढलं. ते स्वतः मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होते. तिथून ते सायकली पाठवायचे आणि इकडे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. गिऱ्हाइकाला चालवता आली तर तो घेणार, म्हणून सायकल शिकवायचंही कामच, फी घेऊन. डनलॉपने हवा भरायच्या टायरचं पेटंट घेतलं तेही १८८८ सालीच. म्हणजे जगात सायकल अजून नीट सायकल होत होती तेव्हा आपल्या गावात तिचं दुकान होतं. पुढचं आपण शाळेत वाचलंय: कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. पण साहित्य मंडळाच्या अंकात एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. त्याच घराण्यातल्या शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, त्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, मागोमाग 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. मराठी मासिकांच्या इतिहासातलं एक अख्खं प्रकरण मागे मागे न्यायला लागलो तर आपल्या बाजारातल्या सायकलच्या दुकानाशी येऊन थांबतं. दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात. तिथे आता कपडे घ्यायला जातो आपण.

तर ही सायकल ओळखायची कशी? स्टिकर बघू नका. स्टिकर कुणीही छापून देतं, पितळी बॅजही नवे मिळतात. आधी खाली वाकून चेनव्हील बघा, कारण त्याची नक्कल करणं जास्त कटकटीचं. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची डोकी कापलेली असतात. हंबरच्या चेनव्हीलमध्ये पळणारी माणसं. रजच्या चेनव्हीलमध्ये उघडा पंजा. बीएसएच्या चेनव्हीलमध्ये सरळ तीन अक्षरं. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळात बंदुकांची कंपनी, म्हणून बॅजवर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका. हंबर तर समोरून येतानाच कळते. बाकीच्यांच्या फोर्कला डाव्या-उजव्या बाजूला एकेक नळी, हंबरला दोन-दोन बारीक नळ्या. जुन्या लोकांत तिचा जो रुबाब होता तो या फोर्कचा.

मागच्या चाकाच्या हबवर 'स्टर्मी-आर्चर' असं लिहिलेलं असेल तर नशीब समजा. ते तीन गिअरचं हब आहे, नॉटिंगहॅमचं, आणि त्याच्या आवरणावर बारीक आकड्यांत साल ठोकलेलं असतं. चिखल खरवडला की दिसतं. बाहेर काही लटकत नाही, सगळे दातेरी चाकांचे डाव आत. मधला गिअर म्हणजे साधी सायकल, खालचा त्याच्यापेक्षा पाव हिश्श्याने हलका, वरचा एक तृतीयांशाने जड. या हबचा जो नमुना सगळ्यात जास्त चालला तो १९३६ चा, आणि स्टर्मी-आर्चरच्या नावाने तैवानमध्ये आजही तीन गिअरचे हब तयार होतात. त्याला मागणी एकच: हबवरचं छोटं झाकण उचलून महिन्यातून चार थेंब तेल. आपल्याकडे हे हब मेले ते गंजून कमी आणि तेलाचं झाकण कशासाठी असतं ते घरात कुणाला न सांगितल्यामुळे जास्त.

एक गंमत सांगते. हंबर चांगली की रॅले, यावर म्हातारी माणसं अजून भांडतात. पण रॅलेने हंबरचा सायकलींचा धंदा १९३२ मध्येच घेतला, आणि १९५७ मध्ये बीएसएच्या सायकलींचाही घेतला. त्यानंतरच्या बऱ्याचशा 'वेगवेगळ्या' सायकली एकाच घरच्या, फक्त आडनावं निराळी. तेव्हा साठच्या दशकातल्या सायकलला नुसत्या बॅजसाठी दुप्पट पैसे मागणाऱ्याला चहा पाजावा आणि घरी पाठवावं.

त्याहून मला खटकतं ते 'मेड इन इंग्लंड' चं वेड. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले निघाली, मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स सुरू झाली आणि तिने हर्क्युलिस इथे बनवली, सोनीपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, लुधियानाला हीरो आणि एव्हन. इंग्लिश सायकल साहेबाची, वकिलाची, फार तर मुख्याध्यापकांची होती. खेड्यातून रोज पहाटे दुधाच्या किटल्या अडकवून शहरात आली, पोतं घेऊन गिरणीत गेली, पोरांच्या फिया भरून आली, ती बहुतेक ठिकाणी ही देशी सायकल होती. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद झाला तो दिवस ३ जून २०२०. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. कुणी ठरवून इतकं कडू लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं. अ‍ॅटलसवर अजून कुणी 'अँटिक' लिहीत नाही. मला विचाराल तर जपायला आजपासून घ्यावी ती हीच, कारण ती अजून पहिल्या भावात मिळते.

आता आमच्या घरातल्या सायकलबद्दल लिहिणं भाग आहे, कारण पुढचं सगळं मी तिच्यावरूनच बोलते. आजोबांनी कॅम्पातल्या एका साहेबाकडून जुनी रॅले घेतली होती. हबवर ५२ साल आहे. आजोबा रेल्वेत होते, रिटायर होईपर्यंत तिच्यावरून ड्युटीला गेले, नंतर ती माळवदाखाली पडून होती. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ ती बघायला आले. त्यांना एका हॉटेलच्या भिंतीवर लावायला हवी होती. चांगले पैसे देत होते. बाबा म्हणाले, "देऊन टाक की, जागा तरी मोकळी होईल." मला नको होतं, पण माझ्याकडे 'आजोबांची आठवण' याशिवाय मुद्दा नव्हता, आणि आठवण काय, फोटोतही राहते. बाबांचं तसं बरोबरच होतं.

मुद्दा मिळाला तो शहापुरातल्या एका मिस्त्रीमामांकडे. विकण्याआधी किमान चाकं फिरती करू म्हणून मी ती ढकलत त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती उलटी केली, मागचं चाक फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "हब जिवंत आहे बाळ. कोन तेवढा गेलाय." मग आत जाऊन बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आणला. त्यात जुन्या सायकलींचे कोन, कप, छर्रे, कॉटर पिना, नट. तीस-पस्तीस वर्षं भंगारात निघालेल्या सायकलींतून काढून ठेवलेले. रॅलेचे आटे वेगळे असतात, हे मला तिथे कळलं. इतर इंग्लिश सायकलींना हेडसेट आणि बीबीच्या जागी इंचाला चोवीस आटे, रॅलेला सव्वीस. बाजारातला कप तिला जवळजवळ बसतो, आणि त्या 'जवळजवळ' मध्येच फ्रेमचा घात होतो. घाईतला मेकॅनिक पाना लावून जोर करतो, आटे मरतात आणि साठ-सत्तर वर्षं टिकलेली फ्रेम पाच मिनिटांत निकामी होते. मामांनी डब्यातून बरोबर कप काढला. त्याला सायकलवर कागद नको, कॅटलॉग नको. बोटानेच कळतं त्यांना.

दोन दिवस लागले. ओव्हरऑइलिंग, दोन्ही चाकांचा आउट काढणं, नवे टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, डाव्या पायडलची कॉटर पिन. पैसे सांगितले तेव्हा मला लाज वाटली, इतके कमी. आणि वर म्हणाले, "विकायची तर विक. पण टांगणाऱ्याला नको देऊस. टांगलेल्या सायकलला तेल कोण घालतंय?"

नाही विकली. मी ती कॉलेजला आणते. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलंच, दांडीची सायकल मुलीनं चालवायची? उत्तर मी द्यायच्या आत आजी बोलली. "मी जल्मभर मागं कॅरिअरवर बसलो. हँडल हाताला कसं लागतंय ते बघायचं राहूनच गेलं की. चालवू दे तिला." या सायकलची खरी किंमत आमच्या घरात पहिल्यांदा कुणी बोलून दाखवली असेल तर ती आजीनं, आणि तिला बगळा की बंदूक यातलं काही माहीत नाही.

आता 'ओरिजिनल' या शब्दाकडे येते. सायकलचे भाग दोन तऱ्हेचे असतात. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर, छर्रे, कॉटर पिन हे झिजायचेच. ते १९५२ चे असावेत असा हट्ट म्हणजे आजोबांचा सदरा त्यांच्या घामासकट घालायचा हट्ट. बदला. सुदैवाने अठ्ठावीस दीडचे टायर आपल्याकडे अजून कुठेही मिळतात. का मिळतात? कारण दूधवाल्याची, गवंड्याची काळी सायकल बंद पडली नाही. गोव्यात पोदेर अजून पाव घेऊन सायकलवर येतो. त्यांच्यासाठी कारखाने टायर काढतात आणि त्यावर शौकिनांच्या रॅले चालतात. हौशी लोकांनी हे उपकार विसरू नयेत.

न बदलायचं ते म्हणजे फ्रेम, फोर्क, हब, चेनव्हील आणि रंग. रंगाबद्दल मी जरा कडकच आहे. जुन्या रॅलेच्या काळ्या एनॅमलवर सोनेरी रेघा असतात, हाताने ओढलेल्या. विकणारा पहिलं काम करतो ते हे, की सगळी फ्रेम घासून तिच्यावर गाडीचा चमकता रंग मारतो आणि मडगार्डला नवं क्रोम. फोटोत झकास. पण त्या रंगाखाली एखादी चीर, एखादा झाळ लावलेला सांधा लपला असेल तर कळायला मार्ग नाही. ओरखडा दिसणाऱ्या सायकलवर मी विश्वास ठेवीन. हँडलला नगरपालिकेचा जुना बिल्ला लटकत असेल तर तोही राहू द्या. एके काळी सायकलवर कर होता, बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचे, डबल सीटला तर हमखास. तो बिल्ला चकाचक मोनोग्रामपेक्षा जास्त सांगतो.

इटलीत टस्कनी भागात गायोले नावाच्या छोट्या गावात १९९७ पासून 'लेरोइका' नावाची सायकलफेरी होते. तिथे १९८७ च्या आधीचीच सायकल चालते: पोलादी फ्रेम, गिअरचे खटके खालच्या नळीवर, ब्रेकच्या वायर हँडलवरून उघड्या आलेल्या. नियम वाचले की वाटतं, ही पण फॅशनच. पण ती फेरी सुरू झाली तिथल्या पांढऱ्या खडीच्या कच्च्या रस्त्यांसाठी. ते रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून जुन्या सायकली बाहेर काढल्या. लोक त्या महागड्या सायकली धुळीत, चढावर, पावसात चालवतात, पडतात, पंक्चर काढतात. तिकडच्या शौकिनांचं अनुकरण करायचं तर हे करावं. आपण त्यांच्याकडून फक्त भाव उचलला.

यावर मला एक चांगला आक्षेप ऐकायला मिळालाय, तो लपवत नाही. आमच्याच मंडळातल्या एका मित्राचं म्हणणं: भिंतीवर टांगली तर निदान भंगारात तरी गेली नाही, आणि पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, तिथेही सायकली चालवत नाहीत, बघतातच ना? खरं आहे. संग्रहालय हवंच. पण संग्रहालयात सायकलबरोबर तिची माहिती असते, भाग असतात, ते सांगणारा माणूस असतो. उद्या कुणाला बघायचं असेल की सळईचा ब्रेक कसा बसतो, तर तिथे बघता येतं. हॉटेलच्या भिंतीवर सायकल चढवताना आधी चेन काढतात, कारण ग्रीसने भिंत खराब होते. पायडलची टोकं पुढे येतात म्हणून क्रँक काढतात. मग टोपलीत प्लास्टिकची फुलं. वर्षभराने मालक बदलतो, सजावट बदलते आणि ती सायकल जाते भंगारातच, आता मात्र अर्धीमुर्धी.

दुसरा आक्षेप आमच्या एका सरांचा, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ते म्हणाले, "तुम्हाला सायकल गोड वाटते कारण तुम्हाला ती नाइलाजाने चालवावी लागली नाही. मी चौदा किलोमीटर उलट्या वाऱ्यात, पावसात, प्लास्टिकचं खोळ पांघरून कॉलेजला यायचो. ज्या दिवशी लूना घेतली त्या दिवशी सायकलकडे वळूनही पाहिलं नाही." बेळगावचा पाऊस ज्यांनी सायकलवर खाल्लाय त्यांना जुन्या दिवसांची गाणी ऐकवू नयेत, हे मी त्यांच्याकडून शिकले. म्हणून मी असं म्हणत नाही की सगळ्यांनी स्कूटर विका. ज्याच्या घरात सायकल आहे आणि ज्याचं कॉलेज तीन-चार किलोमीटरवर आहे, त्याने ती माळ्यावरून खाली काढावी, एवढंच.

विकत घ्यायची असेल तर माझा हिशेब सांगते, पटला तर घ्या. सायकलपुढे दोन पावलं लांब उभं राहून पुढचा फोर्क आणि हेडची नळी एका रेषेत आहे का बघा. धडक बसलेल्या सायकलचा फोर्क मागे सरकलेला असतो आणि खालच्या नळीला, हेडच्या जरा मागे, सुरकुती पडलेली असते. तशी सुरकुती असेल तर बगळा असो वा पंजा, सोडा. सीटची दांडी वर-खाली होते का पाहा. वर्षानुवर्षं न हलवलेली दांडी नळीत अडकून बसते आणि काढताना फ्रेम जाते. क्रँक हातात धरून आडवी हलवा. खटखट झाली तर कॉटर पिन, ती फार महाग नाही. पण आतला बीबी कप सैल असेल तर रॅलेच्या बाबतीत मघाशी सांगितलेला सव्वीस आट्यांचा प्रश्न येतो. रिमला आरे जिथे बसतात तिथे गंजाने भोकं मोठी झालीत का तेही बघा. मग ती चालवा. गोवावेसपासून किल्ल्यापर्यंत, आणि वाटेत कपिलेश्वरचा पूल घ्या. पुलावर चढते की नाही आणि उतारावर दोन्ही ब्रेकने थांबते की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की भाव करा. चालती करायला जो खर्च येणार तो किमतीतून वजा झालाच पाहिजे. जो विकणारा चालवून बघू देत नाही, "शोपीस आहे, चालवायची नाही" म्हणतो, त्याला मी भंगाराच्या भावापेक्षा एक रुपया जास्त देणार नाही, कारण तो जे विकतोय ते तेवढंच आहे.

आणि मिस्त्रीला पैसे नीट द्या. पाच आकडी सायकल घेणारी माणसं पंक्चरच्या पैशांवरून घासाघीस करताना मी डोळ्यांनी पाहिलीत. मामांचा मुलगा उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर आहे. दुकान पुढे चालवायचं नाही म्हणतो, आणि त्याच्या पगाराकडे बघितलं तर त्याला कोण काय बोलणार? मामांचे गुडघे गेलेत. या दिवाळीनंतर बंद करतो म्हणतात. मग त्या बिस्किटाच्या डब्याचं काय होणार? त्याला भाव लावायला अजून कुणी आलेलं नाही. मोबाईलवर फोटो टाकावा असं त्यात काही नाही. पण या गावातल्या जेवढ्या म्हणून रॅले आहेत, भिंतीवरच्या, माळ्यावरच्या, कुलपातल्या, त्या पुन्हा कधी चालायच्या असतील तर त्या डब्यातून.

इथे एक सोय आपल्याकडे आहे जी दुसऱ्या गावांकडे नाही. उद्यमबागेत सव्वीस आट्यांचा कप लेथवर काढून देणारे कारागीर आहेत. त्यांना फक्त एक चांगला नमुना आणि मापं हवीत. मामांच्या मुलाने मला सांगितलं, दहा-वीस नग एकदम काढले तर परवडतंय. म्हणजे बापाच्या डब्यातली वस्तू लेकाच्या लेथवर होऊ शकते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी रॅले आहे त्यांनी नावं कळवली तर नग किती लागतील ते ठरेल.

साहित्य मंडळाने आणखी एक काम करावं असं मला वाटतं, आणि हे काम सायकलवाल्यांचं नाही, आपलंच आहे. मामांच्या दुकानात दोन तास बसलं की कळतं, तिथली मराठी कुठल्याच पुस्तकात नाही. आउट काढणे. हब बोलतंय. चाक मारतंय. चेन उतरली. कोन खाल्लाय. आटे मेले. 'ओव्हरहॉलिंग' चं 'ओव्हरऑइलिंग' कुणी केलं कोण जाणे, पण मूळ शब्दापेक्षा ते जास्त बरोबर आहे, तेलच तर घालायचं असतं. लहानपणी नळीतून पाय घालून शिकायचो त्याला कुणी हाफ पायडल म्हणतं, कुणी कैची, आणि प्रत्येक गल्लीत त्याला वेगळं नाव निघेल. तासाच्या भाड्याने सायकल आणणं, टांग मारणं, डबल सीट घेणं, हे सगळं आपल्या आई-बाबांच्या बोलण्यात आहे आणि आपल्या बोलण्यात नाही. दुकानात गिऱ्हाईक कानडी असतं, मराठी असतं, उर्दू असतं; मामा तिघांशी तीन भाषांत बोलतात आणि 'आउट' तिघांचाही काढतात. दिवाळीच्या आत चार-पाच शनिवार जाऊन हे शब्द उतरवून घेता येतील. वही आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग, बास. मामांना विचारलंय मी. "या की, पण चहा तुम्ही आणायचा," म्हणाले.

शेवटी कॉलेजकडे एक मागणी. सायकल स्टँडचं छप्पर गेल्या वर्षी वाढवलं, आनंद आहे, पण सगळी जागा स्कूटरसाठी आखली आणि सायकल साखळीने बांधायला जे लोखंडी आडवे बार होते ते काढले. सध्या कॉलेजला येणाऱ्या सायकली मी मोजल्या, सात आहेत. दोन रॅले, एक हर्क्युलिस, तीन नव्या गिअरच्या आणि एक शिपाईकाकांची अ‍ॅटलस. सातही जणांनी अर्जावर सह्या केल्यात. लायब्ररीच्या मागच्या भिंतीला सहा फुटांचा एक बार बसवला तरी पुरेल.